खाणीचे श्रम आणि बाजाराचा सट्टा

भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतले मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटऱ्यांच्या कारखान्यांना लागते. ही खाण ज्या ‘मॉइल’ची, तिचे समभाग डिसेंबर २०१० मध्ये शेअरबाजारात आले. ३७५ रुपये भावाचा समभाग पहिल्याच दिवशी चढ्या दराने फिरू लागला. परंतु विक्री होती ती केंद्र, महाराष्ट्र व मध्य प्रदेश सरकारांच्या हिश्श्याची. तिचा पैसा सरकारी तिजोऱ्यांत गेला, खाणीत नव्हे. पुढची तेजी तर एका सटोडियाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेली. उद्या बॅटरीचे तंत्र बदलले, तर सटोडिया क्षणात दुसरा पुरवठादार शोधील. खाणकामगाराला ती मुभा नाही. ज्याला निघून जाता येत नाही, त्याचाच नफ्यावर पहिला हक्क असला पाहिजे.