डॉ. रखमाबाईंचे विद्यार्जन आणि वैद्यकसेवा

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



रखमाबाई हे नाव उच्चारताच आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात एक खटला उभा राहतो. अकराव्या वर्षी लागलेले लग्न, जाणत्या वयात नांदायला जाण्यास दिलेला स्पष्ट नकार, पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबईच्या हायकोर्टात लावलेला दावा, न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळल्यावर अपिलात त्याला आलेला नवा जीव, आणि १८८७ च्या मार्चात न्यायमूर्ती फॅरन यांनी दिलेला, नवऱ्याच्या घरी जा नाहीतर सहा महिने तुरुंगात बसा, असा हुकूम. पुढे १८८८ साली दोन हजार रुपयांवर झालेली तडजोड. ही हकीकत आपण इतक्या वेळा ऐकली आहे की, तिची नायिका पंचविशी गाठण्याआधीच इतिहासातून उठून गेली असे वाटावे. वास्तविक त्या तडजोडीनंतर रखमाबाई सदुसष्ट वर्षे जगल्या आणि त्यांतली तिसांहून अधिक वर्षे त्यांनी सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या इस्पितळांत घालविली. ज्या आयुष्याची कैफियत कोणत्याही लॉ रिपोर्टात छापलेली नाही त्या आयुष्याविषयी मला आज बोलावयाचे आहे.

वैद्यकविद्येची ओढ त्यांना घरातूनच लागली असावी असे मला वाटते. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत. मुंबई इलाख्यातील औषधींवर त्यांनी ग्रंथ लिहिला होता, आणि १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत त्यांचे नाव आहे. अशा विद्वानाच्या छायेत वाढलेल्या मुलीला शास्त्राची गोडी लागावी यात आश्चर्य नाही. आश्चर्य आहे ते शाळा सुटल्यावर, लग्नाचा शिक्का कपाळी बसल्यावर आणि घरच्या आल्यागेल्यांच्या टोमण्यांत ती गोडी टिकली याचे. फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून त्यांनी घरच्या घरी अभ्यास चालू ठेवला. १८८५ साली 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या नावाने त्यांची जी पत्रे प्रसिद्ध झाली, त्यांतली सर्वांत जिव्हारी लागणारी तक्रार हीच आहे की, बालविवाहाने मुलीच्या विद्येचा मार्ग, ती त्यावर चार पावले टाकते न टाकते तोच, कायमचा बंद होतो. पत्रे लिहिणारी स्त्री त्या वेळी जेमतेम वीस वर्षांची होती, आणि तिच्या हाती शाळेचा म्हणण्यासारखा दाखला नव्हता.

डॉक्टरीचा मार्ग त्यांना दाखविला तो कामा इस्पितळाच्या डॉ. एडिथ पीची यांनी. या बाईंची स्वतःची कथाही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १८६९ साली एडिंबरो विद्यापीठात वैद्यक शिकू इच्छिणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक होत; रसायनशास्त्राच्या परीक्षेत अग्रक्रम मिळवूनही केवळ स्त्री म्हणून त्यांना हक्काची शिष्यवृत्ती नाकारण्यात आली. ज्या स्त्रीने स्वतःवरचा अन्याय गिळून विद्या पुरी केली, तिने कोर्टाच्या दारातून बाहेर पडलेल्या या तरुणीला ओळखावे आणि हात द्यावा, हे मला त्या साऱ्या प्रकरणातले सर्वांत सुंदर प्रकरण वाटते. इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनी पाचशे रुपये दिले, विलायतेतील सुहृदांनी निधी उभारला, आणि १८८९ साली रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयात दाखल झाल्या.

शिक्षण लंडनला, आणि परीक्षा मात्र स्कॉटलंडला, असा त्यांच्या विद्यार्थिदशेचा नकाशा दिसतो. त्याचे कारण साधे आहे: इंग्लंडच्या फिजिशियन व सर्जन मंडळींच्या राजसंस्थांनी आपली परीक्षा स्त्रियांना अद्याप खुली केली नव्हती, स्कॉटलंडच्या संस्थांनी ती १८८६ पासून केली होती. १८९४ साली सनद हाती पडली, आणि पुढल्याच वर्षी त्या सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळात रुजू झाल्या.

आता त्या काळच्या बाळंतिणीची खोली डोळ्यांपुढे आणा. घरातली सर्वांत अंधारी आणि कोंदट जागा तिच्या वाट्याला, कारण वारा लागेल ही धास्ती. विटाळ म्हणून अंगाखाली जुनेर आणि टाकाऊ गोधडी. कोपऱ्यात शेगडी आणि तिच्यावर ओव्याची धुरी. नाळ कापावयास हाताशी येईल ते पाते. आणि एका प्रसूतीवरून उठून न धुताच दुसरीवर आलेला सुईणीचा हात. मी सुईणीला दोष देत नाही. पिढ्यान्‌पिढ्या रात्रभर त्या बाईच्या उशाशी बसणारी ती एकटीच होती, आणि हाताच्या वाटेने ताप पसरतो हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. व्हिएन्नाच्या इस्पितळात झेमेलवाइस यांनी १८४७ साली हेच सांगितले तेव्हा युरोपातल्या नामांकित डॉक्टरांनीही ते मनावर घेतले नाही. लिस्टर यांच्या कार्बोलिकचा वापर १८६७ नंतर हळूहळू रूढ झाला. रखमाबाईंच्या विद्यार्थिदशेत मात्र हात धुणे, उपकरणे निर्जंतुक करणे, हा वैद्यकाचा पहिला पाठ होऊन बसला होता.

परंतु तो पाठ उपयोगी पडावयाचा, तर बाई वेळेवर डॉक्टरांपुढे आली पाहिजे. आणि तिचे येणे तिच्या स्वाधीन नव्हते. सासूने होकार द्यावा, नवऱ्याने गाडी सांगावी, घरातल्या वडीलधाऱ्यांनी मुहूर्ताचा आणि विटाळाचा विचार संपवावा, तोवर आडवे आलेले मूल वाट पाहत थांबत नाही. हायकोर्टापुढचा प्रश्न वरवर दाम्पत्याधिकाराचा होता. त्याच्या मुळाशी, स्त्रीच्या देहाविषयी शेवटचा शब्द कोणाचा, हा प्रश्न होता. हुकुमाला न डगमगता ज्या स्त्रीने तो एकदा स्वतःपुरता विचारला, तिला पुढे प्रत्येक खाटेशेजारी तो दुसऱ्या कुणासाठी तरी पुन्हा विचारावा लागला असेल, असे मला वाटते. खटल्यातील रखमाबाई आणि इस्पितळातील रखमाबाई या दोन भिन्न व्यक्ती नव्हेत, हे माझे म्हणणे याच आधारावर उभे आहे.

सुरतेतील सुमारे तेवीस वर्षांनंतर, १९१८ साली, विमेन्स मेडिकल सर्व्हिसमधील नेमणूक पुढे आली असताना ती नाकारून त्यांनी राजकोटच्या संस्थानी इस्पितळाची निवड केली. तेथून निवृत्त होऊन मुंबईस परतल्यावर पडदापद्धती नाहीशी का व्हावी हे सांगणारी पुस्तिका त्यांनी लिहिली. तीस वर्षांहून अधिक काळ पडद्याआडचे दुखणे हातांनी तपासलेल्या डॉक्टरला याहून जवळचा विषय कोणता सुचणार? १९५५ साली, नव्वदाव्या वर्षी, त्या निवर्तल्या.

या सभागृहात परिचर्येच्या आणि वैद्यकाच्या विद्यार्थिनी बसलेल्या मला दिसतात. स्त्रीच्या देहाविषयी शेवटचा शब्द कोणाचा, हा रखमाबाईंचा प्रश्न आता तुमच्यापुढे येणार आहे. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्याने सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी मानली आहे. तरीही अनेक ठिकाणी संमतिपत्राचा कागद आजही प्रथम नवऱ्यापुढे धरला जातो. माझी तुम्हांला विनंती आहे की, पहिल्या नेमणुकीच्या पहिल्या दिवसापासून तो कागद आधी खाटेवरच्या बाईला तिच्या भाषेत वाचून दाखवा, तिला काय विचारावयाचे आहे ते विचारू द्या, आणि तिने आपले म्हणणे सांगितल्यावाचून लेखणी दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका.