वर्गणीचे सॉफ्टवेअर आणि द्राक्ष बागायतदार
(नाशिक जिल्ह्यातील द्राक्ष बागायतदारांच्या चर्चासत्रात दिलेले व्याख्यान)



केवडा आणि भुरी सोडून मी आज सॉफ्टवेअरच्या वर्गणीवर बोलणार, याचे आपल्याला नवल वाटले असेल. परंतु ऑक्टोबर छाटणीच्या खर्चाच्या वहीत खते, औषधे, मजुरी यांच्या जोडीला आता हा एक नवा रकाना आला आहे. त्याचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडत नाही.

पूर्वी सॉफ्टवेअर एकदा विकत घेतले की ते आपले होत असे. अडोबी या अमेरिकन कंपनीने २०१३ मध्ये चित्रे व छपाईच्या कामाच्या आपल्या प्रणालीच्या नवीन आवृत्त्या कायमच्या विकणे थांबवले आणि वर्गणी सुरू केली. पुढे अनेकांनी तोच मार्ग धरला. आपल्या कृषी सेवा केंद्रात बिले निघतात त्या टॅलीचा परवाना कायमचा घेता येतो, पण नवीन आवृत्ती व संलग्न सेवांसाठी दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. यात सगळी लबाडीच आहे असे नाही. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि त्यानंतर विवरणपत्रांचे नमुने वेळोवेळी बदलत गेले. त्या वेळी जुनी आवृत्ती धरून बसलेल्या दुकानदाराची काय धावपळ झाली, ती आपण पाहिली आहे.

तसे पाहिले तर वर्षाच्या बोलीवर सेवा घेणे आपल्याला नवीन नाही. सुतार-लोहाराला कामागणिक पैसे कोण देत होते? वर्षभर त्याने औत-अवजारे नीट ठेवायची आणि खळ्यावरून बलुते न्यायचे, असा व्यवहार होता. त्यात जातीची वेठ होती, ती गेली हे बरेच झाले. पण त्यातील एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पीक बुडाले की खळ्यावर धान्यच कमी येई, आणि सुताराच्या पदरातही कमी पडे. सॉफ्टवेअरची वर्गणी गारपिटीला ओळखत नाही. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड, दिंडोरी, चांदवड भागात अवकाळी पाऊस व गारा पडल्या. ज्यांची बाग त्या दिवशी झोपली, त्यांच्या वर्गणीची तारीख काही पुढे गेली नाही.

आता प्रत्यक्ष बागेकडे वळू. बंगळुरूच्या फसल, फायलो यांसारख्या कंपन्यांची यंत्रे आपल्या जिल्ह्यातील बागांत उभी आहेत. जमिनीतील ओलावा, हवेचे तापमान, आर्द्रता, पाऊस आणि पान किती तास ओले राहिले हे यंत्र मोजते आणि मोबाईलवर सल्ला येतो. यंत्र मांडवाखाली उभे असले तरी खरा माल तो सल्ला आहे, आणि तो वर्गणी चालू असेपर्यंतच मिळतो. सल्ला निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. केवड्याच्या लागणीला पानावर पाणी साचून राहावे लागते, भुरीला तशी गरज नसते. म्हणून पान ओले राहण्याचे तास आणि त्या वेळचे तापमान कळले, तर केवड्याची फवारणी अंदाजाने न घेता गरजेप्रमाणे घेता येते.

मग वर्गणी परवडते की नाही? एकरी एक फवारणी तुम्हाला किती पडते ते काढा. औषध, डिझेल, मजुरी, सगळे धरा. त्याला बागेच्या एकरांनी गुणा आणि वर्षाच्या वर्गणीला त्या आकड्याने भागा. जो आकडा येईल तितक्या फवारण्या हंगामात खरोखर वाचल्या तर वर्गणी निघाली. मोबाईलवर सल्ला पाहूनही शेजाऱ्याचा ब्लोअर वाजला की आपणही फवारणार असाल, तर पैसे देऊ नका.

माझ्या घरच्या बागेतील अनुभव सांगतो. तो या यंत्रांचा नाही, फवारणीची नोंद ठेवण्याच्या एका ॲपचा आहे. पहिली दोन वर्षे ते फुकट होते. मी आनंदाने कागदी वही बंद केली. तिसऱ्या हंगामात वर्गणी सुरू झाली, मी भरण्याचा आळस केला, आणि ऐन फेब्रुवारीत निर्यातदाराने फवारणीची नोंद मागितली तेव्हा माझ्याच नोंदी मला उघडेनात. निर्यातीच्या बागेत औषधांचा उर्वरित अंश तपासला जातो. कोणते औषध कोणत्या तारखेला, किती प्रमाणात मारले हे दाखवता आले नाही, तर माल अडतो. वर्गणी भरली, नोंदी मिळाल्या, पण त्यात चार दिवस गेले. तेव्हापासून वडिलांची लाल वही पुन्हा खुंटीवर आहे. कृषिविद्येच्या प्राध्यापकाने हे सांगावे, याची लाज वाटते.

म्हणून घेण्यापूर्वी विक्रेत्याला स्पष्ट विचारा: वर्गणी थांबवली तर मागील नोंदी एक्सेलमध्ये मिळतील का? यंत्र कोणाच्या मालकीचे? दुसऱ्या वर्षी दर किती? उत्तर कागदावर घ्या.

पैसे आपोआप कापण्याची परवानगी देतानाही सावध राहावे. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमानुसार, कार्ड किंवा यूपीआयवरून वर्गणी कापण्याच्या किमान २४ तास आधी तशी सूचना यावी लागते. तो संदेश वाचत जा. ग्राहक व्यवहार विभागाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ग्राहकाला फसवणाऱ्या १३ प्रकारांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. वर्गणी बंद करणे मुद्दाम अवघड करून ठेवणे हा त्यातील एक प्रकार आहे. असे घडले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करता येते.

फुकट मिळते तेही वापरावे. हवामान विभागाचा कृषी सल्ला मंगळवारी व शुक्रवारी निघतो, आणि २०१९ पासून मेघदूत ॲपवरही दिला जाऊ लागला. मात्र तो तालुक्याचा किंवा जिल्ह्याचा असतो, तुमच्या नाल्याकाठच्या प्लॉटचा नसतो. शिवाय फुकटची सेवाही कायम राहीलच असे नाही. देशातील जिल्हा कृषी हवामान केंद्रे २०२४ मध्ये बंद करण्यात आली.

येथे येताना एका बंधूंनी विचारले, चौघा शेजाऱ्यांत मिळून एक यंत्र चालेल का? हवामानाच्या भागापुरते चालेल, बागा एका शिवारात, सारख्या उंचीवर आणि एकाच सुमारास छाटलेल्या असतील तर. ओलाव्याच्या भागाला चालणार नाही. एकाची काळी जमीन, दुसऱ्याचा मुरूम, मग एकाच्या आकड्यावर दुसऱ्याने ठिबक सोडले तर मुळ्या कुजतील नाहीतर मणी सुकतील. तेव्हा ओलाव्याचा सेन्सर ज्याचा त्याने घ्यावा, आणि हवामानाची वर्गणी गटाच्या नावाने, छाटणीच्या आधी, सर्वांनी मिळून भाव करून घ्यावी.