बंद पीसीचा पंखा फिरतोय!

आजचा भाग माझ्याच एका जुगाडाबद्दल.

पहिल्या पगारातून मी सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घेतलं. घरी आल्यावर कळलं, त्याला ८ पिनांची वेगळी वायर लागते आणि माझ्या एसएमपीएसला ती नाहीच. खिसा रिकामा. बाबांच्या जुन्या पीसीचा एसएमपीएस माळ्यावर पडून होता. म्हटलं, मदरबोर्ड याच्यावर, कार्ड त्याच्यावर!

एसएमपीएस एरवी मदरबोर्डनं सांगितल्यावरच सुरू होतो. पण त्याच्या २४ पिनांच्या प्लगमधली हिरवी वायर काळीला जोडली, की तो आपला आपण चालू होतो. मी तिथे यू-पिन खुपसली. कार्डासाठी साटा प्लगला कन्व्हर्टर लावला. गेम चालला, मी खूश!

एक दिवस गेम डाउनलोडला लावून ऑफिसला गेलो. दुपारी आईचा फोन. "अरे, लाइट जाऊन आली. तुझा कॉम्प्युटर बंद आहे, पण आतला पंखा फिरतोय."

"आई, आधी भिंतीवरची बटणं बंद कर. दोन्ही!"

झालं काय होतं? लाइट आल्यावर मदरबोर्ड बटणाची वाट बघत बंदच राहिला. यू-पिनवाला एसएमपीएस मात्र लगेच सुरू झाला. कार्डात वीज, मदरबोर्ड बंद. अशा वेळी कार्डातून उलटा करंट मदरबोर्डात शिरू शकतो.

संध्याकाळी पीसी उघडला, तर साटा प्लग तपकिरी पडून वितळायला लागलेला. साटाच्या १२ व्होल्टच्या ३ पिना, प्रत्येकी दीड अँपिअर. म्हणजे ५४ वॉट. आणि ८ पिनांच्या प्लगमधून कार्ड १५० वॉट ओढू शकतं! घरात आई एकटी होती, हे आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो.

दोन एसएमपीएस वापरायचेच असतील, तर यू-पिन नको. दोन्ही एकदम चालू-बंद करणारा ड्युअल पीएसयू अडॅप्टर मिळतो, तो घ्या. तो दोघांचं ग्राउंडही जोडतो. दोघांच्या १२ व्होल्टच्या वायरी एकमेकींना कधीच जोडू नका. आणि कार्डाला साटावरून वीज देऊ नका.

मी काय केलं? दोन महिने थांबलो, पैसे साठवले आणि एकच, पुरेशा वॉटचा एसएमपीएस घेतला. एका कार्डाच्या पीसीला तेवढंच लागतं.

तुमच्या पीसीत अशी यू-पिन असेल, तर आजच काढा. मेन बटण बंद करून हं! भेटू पुढच्या भागात.