तासाचा दर विचारू नका

(भिलाईतील विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजक म्हणाले, मुलांना विमानाबद्दल सांग. मी आधी पैशांबद्दल सांगणार आहे.

माझे बाबा ठेकेदाराकडे वेल्डर. त्यांच्या पीएफमधून काढलेले पैसे घेऊन मी खासगी वैमानिक परवाना, म्हणजे पीपीएल, काढायला गेले. नियमाने किमान ४० तास उड्डाण लागतं. एका क्लबचा दर तासाला १३,००० रुपये, दुसऱ्याचा १५,०००. ८०,००० वाचतील म्हणून मी पहिला धरला. फॉर्मवरचं आडनाव वाचून तिथले बाबू म्हणाले, "स्कॉलरशिपवाली का?" मी सगळी फी एकरकमी भरून उभी होते!

त्या क्लबात उडणारं विमान एकच. ते बिघडलं आणि सुटा भाग येईपर्यंत दोन महिने हँगरमध्ये पडून राहिलं. खोलीभाडं चालू, मेस चालू, हाताचा सराव मात्र गेला. मग लँडिंगचे तेच धडे पुन्हा, माझ्याच पैशांनी. ४० तासांचे ५१ झाले. अगदी ४० तासांत फारसं कुणाचंच होत नाही, हे खरं. पण माझे जादा ११ तास म्हणजे १,४३,००० रुपये. स्वस्त क्लब असा महाग पडला.

सोबतच्या एका मुलाचा मामा एअरलाइनमध्ये होता. त्याने भाच्याला आधीच सांगितलं होतं, दर नंतर विचार, आधी किती विमानं उडतात ते बघ. आपल्या घरात असा मामा नाही. म्हणून आज मी बोलतेय.

क्लबच्या ऑफिसात नाही, बाहेर चहाच्या टपरीवर मुलांना विचारा: विमानं किती चालू आहेत, आठवड्यात किती तास मिळतात, मागच्या मुलाला किती महिने लागले? डीजीसीएच्या पॅनेलवरच्या डॉक्टरकडून क्लास टू मेडिकल आधी करून घ्या. ते पास होईपर्यंत क्लबला एक रुपया देऊ नका. लेखी परीक्षेचा अभ्यास घरी बसून होतो. फी हप्त्यानेच भरा, आणि परताव्याची अट लेखी घ्या. कॉलेजात एनसीसीची एअर विंग असेल तर आधी तिथे जा.

नोकरी हवी असेल तर हिशेब वेगळा. पीपीएलवर पगार घेऊन उडता येत नाही. त्यासाठी व्यावसायिक परवाना लागतो: २०० तास, आणि बारावीला फिजिक्स-गणित. आर्ट्सवाल्यांना हे दोन विषय एनआयओएसमधून देता येतात. वाटेत पीपीएल काढलंच पाहिजे असंही नाही. केंद्राच्या शिष्यवृत्तीत अनुसूचित जातीच्या मुलांसाठी व्यावसायिक वैमानिक प्रशिक्षणाची तरतूद आहे, ती नीट वाचा.

मग मी पीपीएल का काढलं? हौस म्हणून. १९२९ साली जे. आर. डी. टाटांनी परवाना काढला, त्या हौसेचं आजही कौतुक होतं. मला मात्र आपलीच माणसं विचारतात, यातून मिळालं काय? बाबांनी एकदाही विचारलं नाही.

माझी हवामान आणि नेव्हिगेशनची पुस्तकं मागच्या टेबलावर ठेवलीत. वहीत नाव लिहून न्या, परीक्षा झाली की परत आणा. पेन्सिलीच्या खुणा माझ्या आहेत, त्या खोडू नका.