गोळी गिळल्यानंतर

भंडारा जिल्ह्यात हत्तीरोगविरोधी मोहीम आली की आशाताई दारात येतात आणि गोळ्या आपल्या समोरच गिळायला लावतात. मग घरोघरी एकच प्रश्न निघतो: पाय सुजलेला नाही, ताप नाही, तर औषध कशाला? काहींची तक्रार याहून गंभीर असते. गोळी घेतली आणि अंग तापलं.

हत्तीरोगाचे कृमी लसीकावाहिन्यांत वर्षानुवर्षं राहतात. त्यांची सूक्ष्म पिल्लं दिवसा फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडतात आणि रात्री, क्युलेक्स डास चावण्याच्या वेळी, अंगभर फिरतात. रक्ताचे नमुने रात्री घेतात ते यासाठीच. पाय दिसायला धडधाकट असला तरी रक्तात पिल्लं असू शकतात, आणि तिथूनच ती डासामार्फत शेजारच्या घरी पोहोचतात.

त्यांच्यावरचं जुनं औषध म्हणजे डीईसी. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या लेडरले प्रयोगशाळेत ते घडलं, तेव्हा तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातले यल्लाप्रगडा सुब्बाराव. या औषधाचं वागणं विलक्षण आहे. काचेच्या नळीत पिल्लांवर नेहमीच्या मात्रेत ते टाकलं, तर त्यांना फारसं काही होत नाही. माणसाच्या रक्तात मात्र तीच पिल्लं काही तासांत भराभर कमी होतात. औषध त्यांना उघडं पाडतं आणि मारण्याचं काम मुख्यतः शरीराची प्रतिकारशक्ती करते. पिल्लं मोठ्या संख्येने मरू लागली की ताप येतो, डोकं दुखतं, मळमळतं. म्हणजे असा ताप बहुतेक वेळा रक्तात कृमी होते याचीच खूण असते.

हाच परिणाम दुसऱ्या भूमीत घातक ठरतो. आफ्रिकेत ऑन्कोसर्का नावाचा कृमी त्वचेत आणि डोळ्यांत असतो. तिथे डीईसी दिलं तर मरणाऱ्या पिल्लांमुळे उठणारा दाह दृष्टीलाही इजा करू शकतो. तो कृमी भारतात नाही, म्हणून इथे ही गोळी देता येते.

शेजारच्या नागपूर जिल्ह्यात २०१९ साली डीईसी आणि जंतांवरच्या अल्बेंडाझोलच्या जोडीला आयव्हरमेक्टिन आलं. ते कृमीच्या चेतापेशी सुन्न करतं. मग माणसाच्या का नाही? याचं उत्तर नेदरलँड्समधल्या एका प्रयोगशाळेत अपघाताने सापडलं. तिथे एक विशिष्ट जनुक काढून टाकलेले उंदीर पाळलेले होते. अंगावरच्या किडींसाठी सगळ्या उंदरांवर आयव्हरमेक्टिन फवारलं, आणि नेमके हेच उंदीर मेले. निरोगी मेंदूच्या रक्तवाहिन्यांत पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पहारेकरी असतो. तो औषध परत रक्तात ढकलतो. या उंदरांत तोच नव्हता. १९९४ साली हा शोध प्रसिद्ध झाला.

औषधं एकमेकांत गुंततात ती अशाच ठिकाणी. जुलाबावरचं लोपेरामाइड मेंदूत शिरत नाही, कारण पहारेकरी अडवतो. हृदयाच्या ठोक्यांसाठीचं क्विनिडीन त्या पहारेकऱ्यालाच रोखतं. दोन्ही एकत्र दिल्यावर निरोगी माणसांचाही श्वास मंदावल्याचं चाचणीत दिसलं. दोन साध्या गोळ्यांची ही जोडी डॉक्टरला ठाऊक असायलाच हवी, आणि रुग्णाने रोजच्या गोळ्यांची नावं लपवू नयेत.

अन्नाचाही यात भाग असतो. अल्बेंडाझोल स्निग्ध जेवणाबरोबर कितीतरी जास्त शोषलं जातं. पोटातल्या जंतांसाठी ते आतड्यात राहिलं तरी चालतं, हत्तीरोगासाठी मात्र रक्तात उतरायला हवं. शिवाय रिकाम्या पोटी मळमळ वाढते. जेवून गोळ्या घ्या, असं आशाताई सांगतात ते म्हणूनच.

डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन ही तिन्ही एकत्र घेतली तर किती फरक पडतो? पापुआ न्यू गिनीतल्या चाचणीत एका मात्रेनंतर वर्षभराने तिन्ही औषधं घेतलेल्या ९६ टक्के लोकांच्या रक्तात पिल्लं नव्हती. फक्त डीईसी आणि अल्बेंडाझोल घेतलेल्यांत हे प्रमाण ३२ टक्के होतं. २०१८ साली हे निष्कर्ष छापून आले.

दोन वर्षांखालची बाळं, गरोदर महिला आणि गंभीर आजारी माणसं यांना मोहिमेत गोळ्या देत नाहीत. रक्तदाब किंवा मधुमेहाची नियमित औषधं घेणाऱ्यांनी मात्र केवळ त्या कारणाने मागे राहू नये. आपली औषधं दाखवून, शंका असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून, गोळ्या घ्याव्यात.