एका रुमालाची गोष्ट

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकात एक हातरुमाल आहे. त्यावर स्ट्रॉबेरीची नक्षी. सेनापती ऑथेल्लोनं डेस्डिमोनाला, आपल्या बायकोला, दिलेली ही पहिली भेट, आणि तिच्या मरणाचं निमित्तही हाच रुमाल.

ऑथेल्लोच्या हाताखालची बढती आपल्याऐवजी कॅसिओला मिळाली म्हणून इयागो जळतो आहे. पण कॅसिओचे डेस्डिमोनाशी संबंध आहेत, असा आरोप तो लगेच करत नाही. कॅसिओ डेस्डिमोनापासून दूर जाताना दिसतो, तेव्हा हे आपल्याला आवडलं नाही एवढंच पुटपुटतो. ऑथेल्लोनं विचारलं तर म्हणतो, काही नाही. बाकीचं ऑथेल्लो स्वतःच मनात रचतो. मला हा सारा प्रसंग फार भयंकर वाटतो, कारण अर्धवट सोडलेलं वाक्य खोडून तरी कसं काढणार? ऑथेल्लो डोळ्यांनी दिसेल असा पुरावा मागतो, तेव्हा मात्र इयागो सरळ खोटं बोलतो. कॅसिओ झोपेत काय बरळला, ते रचून सांगतो. डेस्डिमोनाचा पडलेला रुमाल इयागोच्या बायकोनं, एमिलियानं, उचलून त्याला दिलेला असतो. तो रुमाल कॅसिओच्या खोलीत पोचतो.

 

शेवटी एमिलिया खरं सांगते, पण ऑथेल्लोनं मारलेली डेस्डिमोना तेव्हा उरलेली नसते. ऑथेल्लो विचारतो, हे का केलंस? इयागो यापुढे एक शब्दही बोलायला नकार देतो.