न नोंदलेला अपराध

तक्रारी थोड्या म्हणून अपराधही थोडे, हा निष्कर्ष फसवा असतो. १९९३ साली लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय युवकाची वर्णद्वेषातून हत्या झाली. त्या वेळी त्याच्यासमवेत असलेल्या मित्राला पोलिसांनी पीडित म्हणून वागविले नाही आणि त्यास त्याचा वर्णही कारण झाला, असे मॅक्फर्सन समितीच्या १९९९ सालच्या अहवालात नमूद आहे. फिर्यादीकडेच संशयाने पाहिले जात असेल, तर चौकीची पायरी कोण चढेल? म्हणूनच पोलीस ठाण्याबाहेरही, अहोरात्र तक्रार नोंदविता यावी, अशी शिफारस त्या अहवालाने केली. अशा सोयीनंतर तक्रारींचा आकडा वाढला, तर राज्यकर्त्यांनी बिचकू नये. दबलेल्या व्यथेला वाचा फुटली, असे समजावे.